मधले सहा महिने

बाई, काल पुण्याहून पत्र आलं. तुमच्या नावाचं नव्हे. तुमच्या नावाचं पत्र आमच्या पत्त्यावर कधी आलंच नाही. पाकिटावर नेहमीसारखं 'श्री. कुमार निशिगंध' असं लिहिलेलं होतं आणि खाली माझ्या वडिलांचं नाव घालून आमच्या घराचा पत्ता. पोस्टमन गेली नऊ वर्षं मला विचारत आला आहे की हे साहेब घरी कधी दिसत नाहीत ते कसे काय. कालही त्याने विचारलं. फिरतीवर असतात, असं मी नेहमीचं उत्तर दिलं. तुम्हाला मातीआड करून त्या दिवशी सोळा दिवस झाले होते.

तुमच्या दफनाच्या वेळी पाळकसाहेब पाऊण तास बोलले. तुम्ही किती मुलींना शिवण शिकवलंत, उपासनेला कधी उशीर केला नाहीत, दाविदमास्तर गेल्यावर एकटीने किती शांतपणे दिवस काढलेत, हे सगळं त्यांनी सांगितलं. सगळं खरं होतं. शाळेच्या मोठ्या मडमसाहेबांनी रुमालाने डोळे टिपले. बोर्डिंगच्या मुली रांगेत उभ्या होत्या आणि त्यांतल्या निदान चौघींच्या पेट्यांत, कपड्यांच्या तळाशी, निशिगंधांची पुस्तकं आहेत हे मला ठाऊक होतं. मी खाली मान घालून उभी राहिले. तुम्ही मला नऊ वर्षं तेच शिकवलं होतं.

शाळा चार वाजता सुटायची. सव्वाचारला तुम्ही शिवणाची पिशवी घेऊन आमच्या गल्लीत शिरायच्या. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, आपल्या जुन्या विद्यार्थिनीच्या घरी बाई भरतकाम शिकवायला येतात. पिशवीत वर अर्धवट भरलेला एक टेबलक्लॉथही असायचा. नऊ वर्षं तो एकच टेबलक्लॉथ होता. त्याच्याखाली कागद. शाळेच्या आवारातल्या तुमच्या खोलीत लिहिणं शक्य नव्हतं, कारण तिथं शेजारच्या खोलीतल्या बाई साखर मागायला न सांगता आत यायच्या. म्हणून आमची आतली खोली. एक बैठं डेस्क, दौत, आणि भिंतीला टेकायला आईने दिलेली उशी. दाढ दुखायची म्हणून तोंडात एक लवंग धरायची, निब केसांना पुसायची आणि सुरू करायचं. रोज आठ पानं. सहाच्या घंटेला मुलींच्या प्रार्थनेसाठी परत आवारात हजर. नायक विलायतेहून परतलेला असो की नायिका तापाने फणफणलेली असो, पावणेसहाला तुम्ही टाक खाली ठेवायच्या. अर्धं वाक्य तसंच सोडून उठताना मी तुम्हाला कितीदा पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी पुढचा शब्द लिहून तुम्ही ते पुरं करायच्या, मागे न वाचता.

रविवारी दुपारी मी त्या पानांची मुद्रणप्रत करायची. पुण्याच्या प्रकाशकांना निशिगंधांचं अक्षर म्हणून माझंच अक्षर ठाऊक आहे.

हे नावही त्यांचंच. ते एकदाच नगरला आले होते, लढाई सुरू होण्याच्या थोडं आधी. आमच्याच घरी चहा घेतला. तुमची पहिली गोष्ट त्यांना फार आवडली होती, पण प्रेमकथा बाईच्या नावावर, त्यातही मिशनच्या शाळेतल्या विधवा बाईच्या नावावर चालायची नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते तुम्हालाही पटलं, कारण शाळेला कळलं असतं तर नोकरी आणि खोली दोन्ही गेल्या असत्या. मग कराराचा कागद झाला. आठ वर्षं, दर तीन महिन्यांनी एक कादंबरी, दहा फर्म्यांची म्हणजे एकशेसाठ छापील पानांची, शेवट लग्नात. सही करताना तुम्ही हसत होतात. मुलींच्या उवा काढता काढता ज्या गोष्टी तुम्ही आम्हाला बोर्डिंगात सांगायच्या, त्या आता छापून येणार, याचंच तुम्हाला अप्रूप होतं. मी तेव्हा नुकती तुमच्याच शाळेत मास्तरीण झाले होते. मलाही ते सगळं एखाद्या खोडीसारखं वाटलं होतं.

मग लढाईत कागद मिळेना. दहा फर्म्यांचे आठ झाले. सुरुवात कापता येत नव्हती, शेवट तर ठरलेलाच, म्हणून कापायचं ते मधलं. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकात ते वाक्य येऊ लागलं. नायिका घर सोडते, आगगाडीत बसते, आणि पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीला: 'सहा महिने लोटले.' की ती मुंबईला नर्स झालेली, नाहीतर कुणा थोर मनाच्या घरी मुलांना शिकवीत असलेली. प्रत करताना त्या वाक्याशी माझा हातही थांबत नसे.

वत्सला आली तो चैत्र होता. मी शाळेतून घरी आले तर आईच्या पुढ्यात एक मुलगी पाण्याचा तांब्या हातात धरून बसलेली. एकोणीस-वीस वर्षांची, हिरवं लुगडं, पायांवर धूळ. पुणतांब्याहून सकाळच्या गाडीने आली होती. मांडीवर एक पुस्तक. त्याच्या पुठ्ठ्याच्या आत प्रकाशकांनी वाचकांच्या पत्रांसाठी आमचा पत्ता छापलेला. आईने मला दारातच सांगितलं, "तुज्या त्या सायबाला हुडकत आलीया. म्या म्हनलं, बस, पोरगी यील."

तेवढ्यात तुम्ही आलात. तुम्हाला वळून परत जाता आलं असतं, पण तुम्ही आत आलात, पिशवी कोपऱ्यात ठेवलीत आणि तिच्यासमोर बसलात.

तिने सगळं सांगितलं. मराठी चौथीपर्यंत शिकलेली, चौदाव्या वर्षी लग्न. मूल होत नाही म्हणून नवरा दुसरी करून आणणार होता. हिला हाकलायचं नव्हतं. शेतात कामाला हात हवेच होते. दीर तालुक्याहून पुस्तकं आणायचा, ती ही चोरून वाचायची. मला वाटलं, आता ही म्हणणार की त्या पुस्तकातल्यासारखा कुणी मलाही भेटेल का. तुम्हालाही तेच वाटलं असणार, कारण तुमच्या चेहऱ्यावर समजूत घालायची तयारी दिसली.

पण तिने पुस्तक उघडलं, बोटाने ते पान काढलं आणि तुमच्यापुढे धरलं. "मी त्येन्ला बघाय न्हाई आले. येक इचारायचं हाय. ही रातच्या गाडीत बसती, आन् फुडच्या पानाव लिव्हलंय, सहा म्हैने लोटले. त्या सहा म्हैन्यात ती कुटं झोपली? काय खाल्लं? येकल्या बाईला काम कुनी दिलं? त्ये तेवडं सांगा म्हनावं. म्हंजी मला जाता यील."

बाई, मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तिच्याकडे पाहत होतात. मग म्हणालात, "ते इथं राहत नाहीत. पुण्याला असतात." आणि जरा थांबून, अगदी हळू, "आणि त्यांना ते ठाऊक असेल, असं मला वाटत नाही."

ती दोन दिवस आमच्याकडे राहिली. या दोन दिवसांवरून आपण पुढे पाच वर्षं भांडलो. माझं म्हणणं सरळ होतं. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला मुली घेत होते. तुम्ही मडमसाहेबांना एक शब्द टाकला असता तर तिला घेतलं असतं. तुमचं म्हणणंही सरळ होतं. मडमसाहेब तिला पहिलाच प्रश्न विचारतील की बाळ, तू नगरला कुणाकडे आलीस आणि का. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. तिने पुस्तक काढलं असतं, पत्ता दाखवला असता. पत्ता माझा, अक्षर माझं, आणि माझ्याकडे रोज सव्वाचारला येणार कोण, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. संध्याकाळच्या आत तुमची पेटी आवाराबाहेर आली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः तिला स्टेशनवर नेलंत. पुणतांब्याचं तिकीट काढून दिलंत. तुम्ही तिला सांगितलंत की घरी जा, वडीलधाऱ्यांशी बोल, सगळं सुरळीत होईल. मी बाजूला उभी होते. गाडी हलल्यावर तिने ते पुस्तक खिडकीतून तुमच्याकडे परत दिलं, एवढंच.

नाताळच्या सुट्टीत तुम्हीच म्हणालात की पुणतांब्याला जाऊन येऊ. गोदावरीच्या घाटापासून थोडं आत त्यांचं घर निघालं. सासू अंगणात बाजरी पाखडत होती आणि दारात एक नवी सून, तेरा-चौदाची, हळदीच्या अंगाची, आमच्याकडे टकामका बघत उभी. तुम्ही वत्सलाची चौकशी केलीत. सासू सुपातून मान वर न काढता म्हणाली, "न्हाई ती आता आमच्यात. पोळ्याच्या आदीच गेली. कुटं गेली, ठावं न्हाई. तुमी कोन?"

"मी शाळेत शिकवते," तुम्ही म्हणालात.

"मंग शिकवा की पोरीस्नी, घर सोडू नगा म्हून."

परतीच्या गाडीत तुम्ही बोटांवर मोजत होतात. भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. "चार महिने झाले," तुम्ही म्हणालात. "ती पुन्हा निघाली, सुशी. आणि या खेपेला आपल्याकडे आली नाही." मग कोपरगाव मागे पडलं का म्हणून उगीचच बाहेर बघत राहिलात; कोपरगाव तर पुणतांब्याच्या पलीकडे, आणि आपली गाडी उलट नगरकडे चालली होती. मला तेव्हा तुमचा हात धरायचा होता. मी धरला नाही, कारण माझा राग गेलेला नव्हता. तो पूर्ण गेला आहे असं मी आजही म्हणू शकत नाही. तुमच्याशी खोटं बोलायची सवय मला कधीच नव्हती.

त्यानंतर तुम्ही ते सहा महिने लिहायला घेतलेत. नायक नाही, लग्न नाही. एक मुलगी अनोळखी स्टेशनवर उतरते, इथून सुरुवात. पाच-सहा पानं झाली आणि तुमचा टाक थांबला. दिवसाला आठ पानं लिहिणाऱ्या तुम्ही आठवडाभर कोऱ्या कागदापुढे बसून राहिलात. शेवटी मला म्हणालात, "मला काहीच माहीत नाही गं. सातव्या वर्षी बोर्डिंग, तिथून लग्न, तिथून शाळेची खोली. मी आयुष्यात एकटी गाडीत बसलेली नाही."

मग तुम्ही माझ्या आईला विचारलंत. आई सुप्याकडची. लहानपणी दुष्काळात तिचं घर फुटलं आणि ती मावशीबरोबर खडी फोडायच्या कामावर गेली होती. मला तिने हे कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता सांगत गेली, "आक्का, मग?" असं तुम्ही विचारत गेलात. "पयल्या दिशी भूक न्हाई लागत, बाई. भ्या लागतं. तिसऱ्या दिशी भ्या जातं आन् भूक लागती. मंग मानूस कुनाच्या बी दारात जाऊन हुबा ऱ्हातो. लाज लई उशिरा जाती. ती गेली की मंग काम गावतं." तुम्ही ते जसंच्या तसं लिहून घेतलंत. त्या दिवसांत आमच्या आतल्या खोलीत खरंच काहीतरी चालू होतं. तुम्ही लिहिलेलं वाक्य खोडत होतात, पुन्हा लिहीत होतात. पावणेसहा झाले हे मला सांगावं लागायचं. एकदा तर प्रार्थनेला उशीर झाला आणि तुम्ही गल्लीतून जवळजवळ पळत गेलात.

पुस्तक पुरं होऊन पुण्याला गेलं आणि महिन्याने परत आलं. सोबत दोन ओळी: ही कादंबरी नव्हे, कैफियत आहे, वाचकांनी आपल्याकडून ही अपेक्षा केलेली नाही, नेहमीचं काही लवकर पाठवावं. तुम्ही उलट लिहिलंत की आता मला थांबायचं आहे. त्याचं उत्तर मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं, आठवतं? आपलं खरं नाव आजवर आम्ही जिवापाड जपलं आहे. करार मोडल्यास ते जपण्याचं बंधन आमच्यावर राहणार नाही. किती गोड भाषा होती.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला तुम्ही आलात, लवंग तोंडात टाकलीत आणि नव्या कागदावर एका जहागीरदाराच्या देखण्या मुलाची गोष्ट सुरू केलीत.

तेव्हा मी जे बोलले ते मला परत घेता येत नाही. मी म्हणाले, तुम्ही मुलींना गाडीत बसवता आणि पुढच्या स्टेशनवर दिवा मालवता. फर्म्यांचं कारण मला सांगू नका. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. "तुला आई आहे, हे घर आहे," तुम्ही म्हणालात. "मला एक खोली आहे, आणि ती शाळेची आहे."

मी प्रत करणं बंद केलं. महिनाभर. त्या महिन्यात तुम्ही रोज येत राहिलात, रविवारीही. बोटांचे सांधे सुजलेले असताना स्वतःच प्रत करत बसायच्या, आणि आई तुमच्याजवळ बसायची. "लई वाळलाय तुमी, चा घ्या," एवढंच तिचं. एका रविवारी मी येऊन तुमच्यासमोरचे कागद माझ्याकडे ओढले. तुम्ही टाक माझ्या हातात दिलात. आपलं त्या वेळचं भांडण असंच मिटलं. कुणी माफी मागितली नाही. मागायला हवी होती, बाई, मी.

करार गेल्या वर्षी संपला. त्या दिवशी मी घरी गोड केलं होतं. देश मोकळा झाला, आता तुम्हीही मोकळ्या, असं काहीबाही मी बडबडत होते. तुम्ही पिशवीतून एक कागद काढून दाखवलात. नवा करार, आणि खाली तुमची सही झालेली. तुम्हीच म्हणालात, "धमकीला भिऊन नाही केली सही. पंधरा दिवस दुसरं काही लिहून पाहिलं. येत नाही. दर चौथ्या पानाला तो देखणा मुलगा आपोआप आत येतो. मला आता दुसरं लिहिताच येत नाही, सुशी." हे सांगतानाही तुम्ही हसलात, पण पहिली सही करतानाचं ते हसणं नव्हतं.

शिवणाच्या तासाला तुम्ही कोसळलात आणि तीन दिवस अंथरुणावर होतात. छातीचं दुखणं. तुमच्या खोलीत सारख्या चार-पाच जणी बसलेल्या, कुणी वारा घालतंय, कुणी भजन म्हणतंय. मी आत आले तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत आणि सगळ्यांसमोर मला विचारलंत, "शिवण कुठपर्यंत आलंय?"

मी म्हणाले, "शेवटचा काठ राहिलाय, बाई."

"राहू दे तसाच," तुम्ही म्हणालात.

बाजूच्या बाई म्हणाल्या, बघा, या दुखण्यातही शाळेचीच काळजी. नऊ वर्षांनी, शेवटचं बोलायचं तेव्हाही आपल्याला टेबलक्लॉथबद्दलच बोलावं लागलं. 'राहू दे' म्हणजे पुरं करू नकोस, की दमली आहेस, उद्या कर? मला विचारता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

आता कालच्या पत्राविषयी सांगते. तुमच्या जाण्याची बातमी मी पुण्याला कळवली होती. प्रकाशकांनी दुःख व्यक्त केलं आहे, मनापासून असावं. पुढे लिहिलं आहे की निशिगंध हे नाव मात्र जाण्याचं काही कारण नाही. वाचकांना काही कळवू नये. एवढी वर्षं प्रत माझ्या हातची आहे, शैली अंगवळणी पडली असेलच. राहिलेला दीड फर्मा मी पुरा करून पाठवावा, आणि जमल्यास पुढचंही बघावं. करार सोबत जोडला आहे.

बाई, मी बसले. तुमच्याच जागेवर, उशीला टेकून. मला नुसतं बघायचं होतं. आणि ते येत होतं. चार पानं मी न थांबता लिहिली. वाक्य तुमचं, उपमा तुमच्या, चौथ्या पानाला जहागीरदाराचा मुलगा घोड्यावरून उतरला. कुणालाही फरक कळला नसता. घड्याळात बघितलं तर पावणेसहा झाले होते आणि मला कुठल्याही प्रार्थनेला जायचं नसताना मी टाक खाली ठेवून उठले होते. तेव्हा मला जी भीती वाटली तशी मडमसाहेबांचीसुद्धा कधी वाटली नाही.

ती चार पानं मी चुलीत घातली. आईने ते बघितलं. मग मी आतल्या खोलीत परत आले आणि हे लिहायला घेतलं. आज सकाळी तिला ते वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. तुम्ही नऊ वर्षं आत बसून काय लिहीत होतात हे तिने कधी विचारलं नव्हतं, पण तिला सगळं ठाऊक होतं हे मला आज कळलं. वत्सलाचं ऐकताना तिने डोळे पुसले. शेवटी म्हणाली, "समदं 'बाई, बाई' लिव्हलंस. कंची बाई, त्ये कुनाला कळंल? नाव घाल तिचं. पुरं घाल."

मी तिला समजावलं की हे मासिकाला पाठवणार आहे, छापून आलं की शाळेत पोचेल, आणि मग माझी नोकरी राहील की नाही सांगता येत नाही.

"ऱ्हायली तर ऱ्हाईल," आई म्हणाली. "न्हाई तर मला काय खडी फोडाय शिकवाया लागायचं न्हाई."

म्हणून लिहिते. कुमार निशिगंध नावाचा कुणी माणूस कधी नव्हता. त्या नावाने छापलेली सगळी पुस्तकं, आणि न छापलेलं एक, नगरच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या सगुणाबाई दाविद साळवे यांनी लिहिली.

"आता खाली तुजं बी घाल," आई म्हणाली.

तुमचं नाव मी एका दमात लिहिलं होतं. माझं लिहिताना टाक दोनदा दौतीत बुडवावा लागला, बाई.

सुशीला मार्तंड पवार